हरणाची सॅक, फौजीचा पिठ्ठू आणि कुजलेला दोरा

वाचकांचे प्रश्न : बॅगा, सॅका आणि त्यांची दुरुस्ती

प्रश्न : ताई, माझा भाचा चार वर्षं झाली स्कॉटलंडमध्ये आहे. तिथं एका मोठ्या खासगी रानावर कामाला लागलाय आणि आता तिथल्या लोकांबरोबर हरणांच्या मागावर जातो, रीतसर बंदुकीचं लायसन्स काढलंय म्हणतो. त्याची सॅक दोन सीझनमध्येच गेली. मला म्हणाला, मावशी आपल्याकडं कॅनव्हास चांगलं मिळतं, तू साताऱ्यात एक दणकट सॅक शिवून पाठव. आमच्या घरात माळ आहे हो, त्यामुळं असलं काही विचारायलासुद्धा कसंतरी होतंय. पण पोरगं पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढतं हे कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. काय बघून शिवून घेऊ?
एक मावशी, वाई

उत्तर : मावशी, अजिबात कसंतरी वाटून घेऊ नका. गळ्यात माळ असून भाच्याच्या खांद्यांची काळजी करताय, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घरात सांगायला सोपं जावं म्हणून तिकडची परिस्थिती आधी थोडी सांगते. स्कॉटलंडमधून लांडगा अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच संपला, म्हणजे मोठ्या हरणाला खाणारं जनावर तिथं उरलंच नाही, आणि हरणं वाढत वाढत आता दहा लाखांच्या आसपास असतील असा अंदाज सांगतात. एवढी तोंडं कोवळी रोपं खायला लागली की रान परत उभंच राहत नाही, आणि कडक हिवाळ्यात खायला नाही म्हणून हरणंही मरतात. म्हणून दरवर्षी ठरवून काही मारतात आणि मांस खाण्यात जातं. त्याचे कायदे आहेत, लाल हरणाच्या मादीचा सीझन 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी, नरांना पूर्वी बंदीचा काळ होता तो 2023 मध्ये काढून टाकला. तुमच्या भाच्याचं हे तिथलं कामच आहे, एवढं घरात सांगितलंत तरी पुरे.

आता सॅक. पहिला प्रश्न भाच्याला हा विचारा की जुनी सॅक नक्की कुठं फाटली, कापड फाटलं, शिवण सुटली, की पट्टा उपटून आला? मी साताऱ्यात सव्वीस वर्षं बॅगा दुरुस्त करतेय, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ-नऊ सॅकांचं कापड शाबूत असतं आणि खांद्याचा पट्टा जिथं पाठीला शिवलेला असतो तिथं सुटलेला असतो. लोक मात्र दुकानात गेले की कापड चिमटीत धरून बघतात, जाड आहे का, आणि जाड असलं की खूश होऊन घेतात. ओझं कापडावर नसतंच हो, ते चार-सहा जागच्या टाक्यांवर लटकलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी कोरेगावचा एक मुलगा दिवाळीला घरी आला तेव्हा तिकडची अशीच सॅक माझ्याकडं दुरुस्तीला घेऊन आला होता, म्हणून मला ती आतून माहितीये, सगळी उसवून परत शिवलीय मी. तिला तिकडं रो सॅक म्हणतात. रो हे तिथल्या छोट्या हरणाचं नाव, पूर्ण वाढलेलं दहा ते पंचवीस किलोचं असतं, म्हणजे आपलं भेकर असतं ना साधारण तेवढंच. मारल्यावर तिथंच पोट आणि आतडी काढतात आणि उरलेलं अंग सॅकमध्ये घालून पाठीवर आणतात. लाल हरणाचा नर शंभर-दीडशे किलोच्या घरात जातो, तो कुठल्याच सॅकमध्ये बसत नाही, त्याला दोरीनं ओढत आणतात नाहीतर तट्टावर नाहीतर आठ चाकांच्या छोट्या गाडीवर घालून आणतात. तर भाचा कुठल्या हरणाच्या मागं जातो हे दुसरं विचारा. लाल हरणाच्या डोंगरात जात असेल तर त्याला हरीण वाहायची मोठी सॅक लागणारच नाही, दुर्बीण, सुरी, दोरी, जेवण, पावसाळी जाकीट आणि एक जादा स्वेटर मावेल एवढी बेताची मजबूत सॅक खूप झाली, आणि मग उगाच दोन-अडीच किलोची रिकामी सॅक वाहण्यात काय अर्थ आहे.

छोट्या हरणासाठी पाहिजे असेल तर मात्र सगळ्यात महत्त्वाचं आतलं अस्तर. हे अस्तर म्हणजे बाहेर काढता येणारी, जोड चिकटवून बंद केलेली, पाणी न झिरपणारी वेगळी पिशवीच असते. रक्त त्यात राहतं, घरी आल्यावर ती काढायची आणि धुवायची. अस्तर सॅकला कायमचं शिवलेलं असेल तर ती सॅक घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शिवणीच्या कोपऱ्यात रक्त अडकतं, कुजतं, वास येतो, आणि पुढच्या वेळी त्यातच कुणाच्या तरी ताटातलं मांस जाणार असतं. अस्तराचा रंग फिका असावा, गोचिडी दिसतात. तिकडच्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो आणि जनावर थंड पडायला लागलं की गोचिडी त्याचं अंग सोडून बाहेर येतात, कोरेगावच्या पोरानं मला हेच सांगितलं की पांढऱ्या अस्तरावर पटकन दिसतात म्हणून तो काळं घेतच नाही. आणि धुताना आधी गार पाणी, गरम पाण्यानं रक्त घट्ट बसतं, हे कुठल्याही बाईला सांगायची गरज नाही पण पोरांना सांगावं लागतं. वासाची पावडर अजिबात नको. हरणाचं नाक फार तीक्ष्ण, वाऱ्याच्या उलट दिशेनं गेलं तरी वारा फिरतो ना कधीतरी.

या सॅकला दोन्ही बाजूंनी लांब चेन असते, सगळी उघडली की सॅक जवळजवळ सपाट पसरते. त्याचं कारण हवा. जनावराचं अंग गरम असतं आणि रबरी अस्तरात कोंडलं की मांस आंबतं, तिकडच्या नियमात मोठ्या शिकारीचं मांस सात अंशांपर्यंत गार करावं लागतं. सॅक गाडीपर्यंत आणायला, त्यात तासन्‌तास ठेवायला नाही. गाडीपाशी आलं की बाहेर काढून टांगायचं. हे मी मांस खात नसले तरी लिहितेय, कारण एवढं जनावर मारलं आणि निष्काळजीपणानं वाया घालवलं तर ते मला मारण्यापेक्षा वाईट वाटतं.

आता कापड, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच. सुती कॅनव्हासचा एक मोठा गुण म्हणजे ते आवाज करत नाही. झुडपाला घासलं तरी खसखस नाही. कडक नायलॉन मात्र काटेरी झुडपातून चाललं की कुरकुरीत पापड मोडल्यासारखं वाजतं आणि हरणाला ते फार लांबून कळतं. म्हणून जुनी माणसं कॅनव्हास नाहीतर लोकरी कापड वापरतात. वेल्क्रोही नकोच, शांत रानात वेल्क्रो उघडला की झालं. पण कॅनव्हास पाणी पितं मावशी, आणि स्कॉटलंड म्हणजे आपलं महाबळेश्वर समजा, फरक एवढाच की तिथला पाऊस सगळं वर्षभर वाटून पडतो. भिजलेलं जाड कॅनव्हास अंगावर ओल्या सतरंजीसारखं होतं आणि ओलंच गुंडाळून ठेवलं की बुरशी येऊन कुजतं. मेण चढवलेलं कॅनव्हास पाणी बरंच रोखतं, पण ते दरवर्षी परत मेण लावून जपावं लागतं. मधला रस्ता असा की बाहेरून कॉर्डुरासारखं विणलेलं मऊ नायलॉन, 500 डेनियर पुरतं, तळाला 1000. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, एवढं साधं आहे ते, आकडा मोठा म्हणजे धागा जाड. जाड धागा म्हणजे चांगली सॅक असं मात्र आपोआप होत नाही. तळाला जाड अशासाठी की ती माणसं शेवटचं अंतर पोटावर सरपटत जातात, सॅक पुढं ढकलतात नाहीतर मागं ओढतात, आणि नेम धरताना बंदूक त्याच सॅकवर टेकवतात. म्हणजे सॅकच्या पुढच्या बाजूला चकचकीत बक्कल किंवा कडक हुक असला तर तो दगडावर वाजणार.

रंगाची फार काळजी नको. हरणाला लाल-केशरी नीट दिसत नाही, निळा चांगला दिसतो. हिरवी, खाकी, करडी, काहीही चालेल, निळी सोडून.

टाके. माझ्याकडं माझ्या चुलत्यांचा पिठ्ठू आहे, ते अपशिंग्याचे, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी, फौजेतून परत आले तेव्हा आणलेला. त्याचं कापड जागोजागी विरलंय पण एक पट्टा सुटला नाही अजून, कारण पट्टा जिथं जोडलाय तिथं चौकोन शिवून आत फुली मारलीय, आणि पट्टा नुसता कापडाला नाही तर आत दुसरी जाड पट्टी घालून तिच्यावर शिवलाय, म्हणजे ओढ सगळ्या पाठीवर वाटली जाते. सॅक बघताना हेच बघा. खांद्याच्या वरच्या जोडाला चौकोन-फुली आहे का, खालच्या टोकाला दाट आडवे टाके आहेत का, पट्टा शिवणीच्या आत घुसवून शिवलाय का नुसता वरून चिकटवलाय. जोडाला अंगठा लावून जोरात ओढा, टाक्यांची भोकं उघडी पडून आरपार उजेड दिसला तर ठेवून द्या ती सॅक. दोरा पॉलिस्टरचा नाहीतर नायलॉनचा जाड पाहिजे. उन्हात नायलॉनपेक्षा पॉलिस्टर जास्त टिकतो. सुती दोरा भिजला की फुगून भोकं बंद करतो हे खरं आहे, जुने तंबूवाले त्यासाठीच वापरायचे, पण त्याला बुरशी लागली की कापडाच्या आधी दोरा जातो आणि बाहेरून काही कळत नाही. एक दिवस सगळी शिवण चेन उघडल्यासारखी उघडते.

मला स्वतःला हा धडा वासोटा किल्ल्याच्या उतारावर मिळाला. डिसेंबरातली गोष्ट, बामणोलीहून होडीनं कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडून गेलो होतो, उतरताना माझा डावा पट्टा मुळापासून सुटला. सॅक नवी, एका मोठ्या दुकानातून चांगले पैसे मोजून घेतलेली, कापड असं की सुरीनं कापलं नसतं, आणि जोडाला एकच सरळ टाका मारलेला. तिथं मुक्काम करता येत नाही, होडी गाठायचीच, त्यामुळं बाकीची वाट ती सॅक पोत्यासारखी डोक्यावर घेऊन उतरले, मान दोन आठवडे दुखत होती. घरी येऊन जोड उसवून बघितला आणि त्या दिवसापासून माझ्या दुकानातून एकही पट्टा एका टाक्यावर गेला नाही.

कंबरपट्टा हवाच. पंधरा किलो नुसत्या खांद्यांवर घेऊन भिजलेल्या डोंगरात चालणं म्हणजे पाठ मोडून घेणं, वजनाचा मोठा भाग कंबरेच्या हाडावर बसला पाहिजे. आणि सॅकचं माप उंचीवरून घेत नाहीत, पाठीवरून घेतात, मानेचं जे हाड बाहेर येतं तिथपासून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायची. भाच्याला कुणाकडून तरी मोजून पाठवायला सांगा. बंदूक एका खांद्याला असते हेही ध्यानात घ्या, पट्टा फार फुगीर असला की ती घसरते.

तर शेवटी काय करायचं? खरं सांगते, पूर्ण सॅक इथं शिवून पाठवू नका. पाठीची पट्टी, कंबरपट्ट्याचा फोम आणि चिकटवलेलं अस्तर हे आपल्याकडच्या साध्या मशीनवर नीट होत नाही, मी स्वतः प्रयत्न केलाय. जुनीचं कापड चांगलं असेल तर दिवाळीला येताना धुऊन, कोरडी करून घेऊन येऊ दे, पट्टे उसवून आत पट्टी घालून परत शिवून देणारे कारागीर साताऱ्यात आहेत, तंबू-ताडपत्रीवाल्यांकडं आणि बूट शिवणाऱ्यांकडं जे जाड मशीन असतं त्यावर हे काम तासाभरात होतं. नवीच घ्यायची झाली तर त्यानं तिथंच पाठीवर वजन घालून, दुकानातल्या दुकानात दहा मिनिटं चालून बघून घ्यावी. तुम्हाला काहीतरी शिवून पाठवायचंच असेल, आणि मला कळतंय की तुम्हाला ते पाठवायचंय, तर जाड कॅनव्हासची दोन बंदांची पिशवी शिवून घ्या, दुर्बीण आणि भाकरीचा डबा ठेवायला, आवाज न करणारी. ती तो रोज वापरेल.

प्रश्न : असली सॅक घेऊन आपल्या कोयनेच्या रानात शिकारीला गेलं तर चालतं का? आमच्याकडं रानडुकरांनी भुईमुगाची वाट लावलीय.
एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : दादा, नाही चालत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, अभयारण्यात शिकार केली तर तीन ते सात वर्षं तुरुंग आहे, आणि कोयना-चांदोली मिळून 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. भेकर, सांबर, पिसोरी, काहीही असो, हात लावायचा नाही. भुईमुगाचं दुःख मला कळतं, माझ्या माहेरीही तेच चाललंय. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, वनविभागाकडं अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. उशीर केला की खुणा जातात आणि मग पंचनाम्यात काही दिसत नाही. तारेत करंट सोडू नका, त्यात माणसंही हकनाक जातात.

प्रश्न : मी बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या गणनेला बसतो, एरवी सागरेश्वरला आणि चांदोलीला हरणांचे फोटो काढायला जातो. कॅमेऱ्याची बॅग दरवर्षी बदलावी लागते. टिकणारी कुठली घेऊ? बजेट फार नाही.
एक वाचक, पलूस

उत्तर : तुम्ही पलूसचे म्हणजे सागरेश्वर तुमच्या उंबऱ्यावर. माळरानावर झाडं लावून माणसांनी उभं केलेलं ते अभयारण्य आहे, जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, आणि त्यासाठी धों. म. मोहित्यांनी जन्म घातला, तिथं चितळ-सांबर निवांत चरताना दिसतात तेव्हा मला दर वेळी भरून येतं. तुम्ही गणनेला बसता हे वाचून फार बरं वाटलं.

बॅग का बदलावी लागते ते लिहिलं नाहीत. तुम्हालाही तोच प्रश्न, कुठं जाते? माझा अंदाज चेन. कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन धुळीनं जाते, आपल्याकडं उन्हाळ्यातली माती पिठासारखी बारीक असते, ती रनरमध्ये बसते, रनर आतून झिजतो, मग दात एकमेकांत अडकत नाहीत आणि आपण म्हणतो चेन खराब झाली. चेन बरी असते, रनर गेलेला असतो. तो बदलायला किरकोळ पैसे लागतात. गणनेहून आलात की जुन्या दात घासायच्या ब्रशनं चेन झाडा आणि कोरडी मेणबत्ती दोन्ही बाजूंनी फिरवा, तेल लावू नका, तेलाला धूळ चिकटते. एवढं केलंत तर तीच बॅग तीन वर्षं जाईल.

मचाणावर बसायचं तर आवाजाचं वर मावशींना लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे. रात्री पाणवठ्यावर सांबर यायच्या आधी किती वेळ काठावर थांबून ऐकत असतं तुम्ही बघितलंच असेल, त्या वेळी वेल्क्रो उघडायचा नाही, लेन्स आधीच बाहेर काढून मांडीवर फडक्यात ठेवायची. बॅगेचे वेल्क्रो मी तर उसवूनच टाकते आणि तिथं कापडी बंद लावते. आतली गादी बसकी झाली असेल तर नवीन बॅग नको, मिरज तुम्हाला जवळ आहे, तंबोऱ्या-सतारीच्या गवसण्या शिवणाऱ्या माणसाला दाखवा. भोपळा फुटू नये म्हणून कुठं किती जाड गादी घालायची हे त्या हातांना जितकं कळतं तितकं बॅगवाल्याला कळत नाही. जुनी मजबूत शाळेची सॅक आणि आत मापाची गादी, कमी पैशात यापेक्षा चांगली कॅमेरा बॅग होत नाही. चांदोलीकडं पावसाळी हवेत जाणार असाल तर वरून पावसाचं कव्हर असलं तरी आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला, पाणी वरून कमी आणि पाठीकडून जास्त येतं, घाम आणि अंगावरून ओघळणारं पाणी, तिथं कव्हर नसतंच.

प्रश्न : माझ्या ट्रेकिंग सॅकचं आतलं कोटिंग चिकट झालंय, पापुद्रे निघतात, वास येतो. सॅक फक्त चार वेळा वापरलीय. धुऊन निघेल का?
एक वाचिका, पाचगणी

उत्तर : ताई, नाही निघणार. तो पाणी रोखणारा पातळ थर दमट हवेनं विरघळत जातो, वापरलं नाही तरी जातो, उलट कपाटात बंद ठेवलेल्या सॅकेचा लवकर जातो. तुमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. कोमट पाण्यात साधा साबण आणि थोडा खायचा सोडा घालून मऊ ब्रशनं चोळा, सैल झालेला सगळा थर काढून टाका, सावलीत पूर्ण वाळवा. सॅक परत वॉटरप्रूफ होणार नाही पण कापड आणि टाके चांगले असले तर आत प्लास्टिकची पिशवी घालून बरीच वर्षं वापराल. यापुढं सॅक कपाटात नको, खुंटीला उलटी टांगा, सगळ्या चेन उघड्या, आणि पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी तासभर बाहेर वाऱ्याला लावा. पट्ट्यांचे जोड त्याच वेळी एकदा ओढून बघा.